खळ

रेव्हरंड अमोस पेटिग्रू यांना आमच्याकडे आणलं
ते मंगळवारी रात्री, मागच्या दारानं.
पुढच्या दाराशी दोन कॅमेरे होते
आणि पुठ्ठा धरून उभा एक पोरगा.
पुठ्ठ्यावर लिहिलेलं : सही केलीत ती कुणासाठी?
एकोणीस वर्षांचा असेल.
ती सही त्याच्या जन्माच्या तीस वर्षं आधीची.

एकतीस वर्षं मी मेलेल्यांना कपडे घालते आहे
जॉर्जियातल्या या गावात.
हात वाकत नसले की शर्ट पाठीतून उभा कापायचा,
दोन्हीकडून चढवायचा, पुढून बटणं लावायची.
समोरून सगळं अखंड दिसतं.

डाव्या भुवईत ती खूण. बसथांब्यावर बाटली बसली होती.
रंगानं झाकू का, मी विचारलं.
व्हर्नेस्टीनबाई म्हणाल्या, नको, तेवढं एकच त्यांनी कमावलं.
थोरला मुलगा म्हणाला, झाका, बँकेची माणसं येणार आहेत,
पुतळ्याचे पैसे तीच देतायत.
मी अर्धी झाकली.
दोघांनाही वाटलं, आपलं ऐकलं.

माझी आई ओदेला, बावीस वर्षं स्नोक्रेस्ट लाँड्रीत.
तिच्या दोन बोटांना नखं नव्हती,
ती वाफेच्या दाबयंत्रानं नेली.
संप नऊ आठवडे चालला.
पेटिग्रू सगळ्यांत पुढे, सतरा दिवस कोठडीत,
आणि आई रोज मक्याचा पाव फडक्यात बांधून पाठवायची,
घरात आम्हाला अर्धा अर्धा.

मग करार झाला.
बसमध्ये कुठंही बसा. वाचनालयाचं दार उघडं.
गोऱ्यांच्या शाळेत बारा मुलं.
सहावं कलम धुणाऱ्या बायकांच्या मजुरीचं होतं,
ते पुढच्या बैठकीवर ढकललं.

पुढची बैठक अजून व्हायची आहे.

त्या बारांत मी होते.

त्या रात्री आईनं भिंतीवरचा त्यांचा फोटो
तोंड भिंतीकडे करून टांगला.
रविवारी सरळ केला, चर्चला जाताना.
सोमवारी पहाटे कामावर निघताना परत उलटा.
असं किती वर्षं चाललं कोण जाणे, खिळा सैल झाला,
तरी तिनं तो काढला नाही.
शेजारचे मिस्टर लोफ्टन एकदा ओट्यावर बसून म्हणाले,
विकला गेला तुमचा रेव्हरंड.
आईनं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.
लिंबूपाणी अर्धं होतं त्यात.

मी शिकले, पुस्तकं घरी आणली,
मोठ्यानं वाचायचे आणि आई इस्त्री करत ऐकायची.
कशाबद्दल कुणाचे आभार मानायचे
हे आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

आता हा शर्ट. दुकानातून तसाच आलेला, पाणी न लागलेला,
कॉलर मऊ, मानेपाशी लोळतेय.
आई म्हणायची, खळ अशी घाल
की माणूस वाकला तरी कॉलर वाकू नये.
इतक्या रात्री खळ कुठून आणू?

कॅमेरे गेले होते. पोरगा होता.
थंडी पडली होती म्हणून मी त्याला कॉफी दिली.
त्यानं दोन्ही हातांनी कप धरला,
पुठ्ठा दाराला टेकवून ठेवला.
विचारलं, कसे दिसतात?
समोरून की मागून, मी म्हटलं. त्याला कळलं नाही.
मग म्हणाला, माझी आजी त्याच लाँड्रीत होती.
मी नाव विचारलं. आठवेना मला तशी कुणी.
तो गेला. पुठ्ठा विसरला, की ठेवून गेला.

कात्रीनं मी दोन बोटं रुंद पट्टी कापली.
पट्टीवर एकच शब्द पुरता आला : कुणासाठी.
कॉलरच्या घडीत सरकवली. कॉलर उभी राहिली.

अक्षरं मी आतल्या बाजूला ठेवली, मानेकडे.
मग दिवा बंद करताना आठवलं,
उद्या रविवार नाही, बुधवार आहे.